.२२ पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग: सात पौंडांची की आठ?

बोरनदी

सर्वांना नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे आणि गेली चार वर्षे २५ मीटर पिस्तूल या प्रकारात सराव करते आहे. राही सरनोबत यांनी २०१८ मध्ये जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले, तोच हा प्रकार. रेंज आमच्या गावाहून ४२ किलोमीटरवर असल्यामुळे सराव फक्त रविवारीच होतो, आणि म्हणूनच प्रश्न नीट विचारावा या हेतूने थोडे सविस्तर लिहिते.

माझे पिस्तूल अर्धस्वयंचलित, .२२ लाँग रायफल काडतुसाचे आणि परवान्यावर रीतसर नोंदवलेले आहे, पण घेतले ते जुने. दिवाळीच्या आधी रेंजवरच्या एका ज्येष्ठ नेमबाजाने स्लाइड, म्हणजे गोळी सुटली की मागे जाऊन परत येणारा पिस्तुलाचा वरचा भाग, ओढून पाहिली आणि तिला परत पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग मऊ पडल्याचे सांगितले. आठ पौंडांची घातली तर नळीची उसळी कमी होईल, असे त्यांचे म्हणणे पडले. परवानाधारक विक्रेत्याकडून सहा, सात आणि आठ पौंडांच्या तीन स्प्रिंगांचा संच मागवला आणि आठची बसवली. ऑक्टोबरमधल्या दुपारच्या सरावात पिस्तूल खरोखर शांत वाटले, त्यामुळे मी निर्धास्त झाले.

डिसेंबरमधली जिल्हा स्पर्धा सकाळी साडेसातला सुरू झाली. जलद टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद समोर येते, ७ सेकंद वळलेले असते आणि दर वेळी एकच गोळी झाडायची असते, हे बहुतेकांना ठाऊक असेलच. तिसऱ्या मालिकेत दुसऱ्या गोळीनंतर झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी, जिथून ती बाहेर पडते त्या स्लाइडच्या खिडकीत उभी अडकली. घाईत मी स्वतःच स्लाइड ओढून ती पाडली, त्यामुळे तो बिघाड मान्य धरला गेला नाही आणि गुण गेले. ती चूक माझीच. त्यानंतर आणखी दोनदा तसेच घडले.

आता मूळ सात पौंडांकडे परत जावे की आठच ठेवून दुसरे काही तपासावे? आणि हे ठरवायचे कशावरून?

सातपुडा_२५

ताई, गुणांचे वाईट वाटून घेऊ नका. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकर यांचे एअर पिस्तूल ऐन वेळी बिघडले होते आणि दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली होती. आपल्यासारख्यांनी एवढेच पाठ करायचे की पिस्तुलाचे तोंड लक्ष्याकडे ठेवायचे, मोकळा हात वर करायचा आणि अधिकारी येऊन पाहीपर्यंत कशालाही बोट लावायचे नाही.

स्प्रिंगचा निकाल देण्याआधी काडतुसे कोणती होती तेवढे सांगा.

फौजीभाऊ

मी सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणारा, होतो, आता यवतमाळ जिल्ह्यात शेती पाहतो. माझ्या हातातून इशापूरला बनलेली ९ मिलिमीटरची १ए पिस्तुले पुष्कळ गेली. ती जात वेगळी आहे. त्यात नळी आणि स्लाइड आधी एकमेकांत अडकलेल्या असतात, थोड्या बरोबर मागे येतात आणि मग सुटतात. ताईंच्या .२२ मध्ये असले कुलूप नाही. पुंगळी थेट स्लाइडला मागे ढकलते आणि स्लाइडचे वजन हाच काय तो अडसर. पण अडकलेल्या पुंगळीचा तपास दोन्हीकडे एकाच ठिकाणाहून सुरू होतो.

चार गोष्टी सांगा. शेवटची गोळी झाडल्यावर स्लाइड मागे अडकून राहते का? रिकाम्या पुंगळ्या किती लांब पडतात? चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती नळीतली जागा, आणि तिथून पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची नखी शेवटची कधी साफ केली? आणि वंगण कोणते लावले?

बोरनदी

काडतुसे साध्या वेगाची, ४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळीची. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड कधी अडकते, कधी नाही. पुंगळ्या त्या सकाळी अगदी पायाशी पडत होत्या, हे आता विचारल्यावर आठवते. सफाई स्पर्धेच्या आठवडाभर आधी केली होती. वंगणाबद्दल लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते. घरातल्या मंडळींनी ट्रॅक्टरच्या बेअरिंगचे ग्रीस दिले होते, तेच स्लाइड ज्यांवरून सरकते त्या रुळांवर लावले.

फौजीभाऊ

संकोच करू नका, फौजेतसुद्धा असे महाभाग भेटतात. ते ग्रीस आधी पूर्ण पुसून काढा आणि शिवणयंत्राच्या तेलासारख्या पातळ तेलाचा एकेक थेंब रुळांवर द्या. सकाळच्या दहा-अकरा अंशांत जाड ग्रीस चिकटासारखे वागते. शिवाय .२२ च्या शिशाच्या गोळीवर मेण किंवा ग्रीसचा थर असतो, तो काजळीत मिसळून चेंबरच्या तोंडाशी आणि नखीखाली बसतो. लाकडी दातकोरणीने नखीखालचा मळ काढून बघा, काय निघते ते.

पण पायाशी पडणाऱ्या पुंगळ्या आणि कधीमधीच अडकणारी स्लाइड या दोन खुणा एकत्र आल्या म्हणजे स्लाइड पुरती मागे जात नाही. जात नाही याची कारणे तीनच: मागे ढकलणारा जोर कमी, अडवणारी स्प्रिंग जड, किंवा मध्ये घर्षण. तुमच्याकडे थंडीत तिन्ही थोडी थोडी जमली असावीत. हात सैल पडला तरी असे होते, पण चार वर्षांच्या सरावानंतर तो संशय मी शेवटी ठेवीन.

गिरणीवाला

मी हिंगणघाट भागात जिनिंगच्या यंत्रांची देखभाल करतो. पिस्तूल कधी हातात धरलेले नाही, पण स्प्रिंगा आयुष्यभर बदलल्या आहेत, त्यामुळे त्या बाजूने लिहितो.

स्प्रिंगवरचे ‘आठ पौंड’ म्हणजे स्प्रिंगचे वजन नव्हे आणि स्लाइड ओढायला सुरुवात करताना लागणारा जोरही नव्हे. स्लाइड पूर्ण मागे गेलेली असताना, म्हणजे स्प्रिंग तिच्या कामातल्या सर्वांत आखूड लांबीवर दबलेली असताना ती जितक्या जोराने परत ढकलते, तो तो आकडा. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम धरला तर आठ पौंड म्हणजे ३.६३ किलो. स्लाइड बंद असतानाही स्प्रिंग थोडी दबलेलीच असते, पण तो जोर डब्यावर कोणी छापत नाही, आणि काडतूस चेंबरमध्ये शेवटपर्यंत बसवण्याचे काम तर त्याच जोरावर चालते. म्हणून एकच आकडा छापलेल्या दोन स्प्रिंगा पिस्तुलात वेगळ्या वागू शकतात. एक लांब आणि मवाळ असेल तर तिचा जोर आरंभापासून शेवटपर्यंत फारसा बदलत नाही, दुसरी आखूड आणि ताठ असेल तर आरंभी ढिली आणि शेवटी एकदम कडक.

ताठपणा ठरतो तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर आणि वेढ्यांच्या संख्येवर. यांत तारेची जाडी सर्वांत बलवान, कारण ती चौथ्या घाताने येते. तार दहा टक्के जाड केली की स्प्रिंग ४६ टक्के ताठ होते. ही तफावत डोळ्याला दिसतसुद्धा नाही, त्यामुळे दोन स्प्रिंगा शेजारी धरून ‘सारख्याच दिसतात’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

पांदणरस्ता

मग एवढा खटाटोप कशाला? आठ पौंडांची आहे ना, तिचे दोन वेढे कापले की सात पौंडांची झाली. आमच्याकडे फवारणी पंपाच्या स्प्रिंगा असेच कापून बसवतात.

गिरणीवाला

भाऊ, पंपात चालते ते पिस्तुलात का चालत नाही, ते आकड्यांत दाखवतो. उदाहरणासाठी एक स्प्रिंग धरू: मोकळी लांबी १०० मिलिमीटर, वेढे २०, ताठपणा दर मिलिमीटरला ४० ग्रॅम. स्लाइड बंद असताना ती ६० मिलिमीटरवर दबते आणि पूर्ण मागे गेली की ३० वर. म्हणजे बंद स्थितीत जोर १,६०० ग्रॅम आणि मागे २,८०० ग्रॅम.

आता दोन वेढे कापले. मोकळी लांबी ९० राहिली, पण वेढे कमी झाल्यामुळे उरलेली स्प्रिंग मवाळ न होता उलट ताठ झाली, दर मिलिमीटरला सुमारे ४४.४ ग्रॅम. बंद स्थितीत जोर झाला १,३३३ ग्रॅम आणि मागे २,६६७ ग्रॅम. जो जोर कमी करायचा होता तो पाच टक्केसुद्धा उतरला नाही, आणि ज्या जोरावर काडतूस चेंबरमध्ये बसते तो जवळपास सतरा टक्क्यांनी घटला. शिवाय कापलेले टोक सपाट नसते, ते आतल्या दांडीला घासते. आठाची सात झालीच नाही, ती वेगळीच कुठली तरी स्प्रिंग झाली.

पांदणरस्ता

पटले. पंपाचेही आता पुन्हा बघावे लागेल.

धागा व्यवस्थापन

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. शस्त्र अधिनियम १९५९ मधल्या शस्त्राच्या व्याख्येत सुटे भागही येतात आणि कलम ५ नुसार दुरुस्ती व रूपांतर ही कामे परवान्याशिवाय करता येत नाहीत. त्यामुळे स्प्रिंग परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी, आणि सफाईसाठी उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे खोलता येतो त्यापलीकडचा भाग, विशेषतः ट्रिगर आणि हॅमरची (काडतूस पेटवणाऱ्या पिनवर आपटणाऱ्या हातोडीची) यंत्रणा, परवानाधारक कारागिराकडेच सोपवावी. चर्चा चालू राहू द्या.

सातपुडा_२५

काडतुसांचे उत्तर मिळाले, म्हणून माझा मुद्दा मांडतो. इंटरनेटवर स्प्रिंगचे जे तक्ते फिरतात ते बहुतेक अमेरिकेतल्या १९११ पिस्तुलाच्या दुनियेतले आहेत. त्या पिस्तुलाच्या पाच इंची .४५ रूपात रिकॉइल स्प्रिंग १६ पौंडांची आणि हॅमरची स्प्रिंग २३ पौंडांची हे मूळ माप, आणि तिथले नेमबाज हलक्या भाराची काडतुसे वापरताना त्याखाली उतरतात. त्यातली रीत घ्यावी, आकडे घेऊ नयेत. कारण स्प्रिंग एकटी कधीच नसते. काडतुसाचा रेटा, स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग या तिघांचा मिळून एक संसार असतो.

रेट्याचा हिशेब सोपा आहे. गोळीचे वजन ग्रेनमध्ये आणि वेग सेकंदाला फुटांत घेऊन गुणायचे. साध्या वेगाचे ४० ग्रेनचे काडतूस १,०७० फुटांचे धरले तर ४२,८०० येतात आणि जास्त वेगाचे त्याच वजनाचे काडतूस १,२३५ फुटांचे धरले तर ४९,४००. फरक पंधरा टक्क्यांचा दिसतो. पण स्लाइडला मिळणारा वेग त्या प्रमाणात वाढतो आणि तिची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे एक तृतीयांशाने. सातावरून आठ पौंडांवर जाणे हा चौदा टक्क्यांचा बदल आहे. याचा अर्थ काडतुसाचा डबा बदलणे ही स्प्रिंगच्या एका पायरीपेक्षा मोठी उलथापालथ आहे. जास्त वेगाच्या काडतुसांसाठी कुणी सांगितलेली आठ पौंडांची स्प्रिंग तुम्ही साध्या वेगाच्या काडतुसांना लावली असेल, तर स्लाइड अर्ध्या वाटेत दमणारच. त्यात थंडीत बारूद थोडी मंद जळते.

उसळीबद्दलही एक गैरसमज असतो. जड स्प्रिंगने धक्का नाहीसा होत नाही, तो फक्त वेगळ्या रीतीने वाटला जातो. मागे जाताना नळी कमी उचलली गेली तरी स्लाइड परत येताना अधिक जोराने आदळते आणि नळीचे नाक खाली जाते. हलक्या स्प्रिंगमध्ये उलटे. स्लाइड मागच्या टोकाला ठोका देते, मनगटात दोन वेगळे धक्के जाणवतात आणि कालांतराने फ्रेमवर घाव दिसू लागतो. चार सेकंदांत पाच गोळ्या झाडणाऱ्या रॅपिड फायरवाल्याला नळी लगेच जागेवर येण्याची गरज असते, तो या दोन टोकांमध्ये केसाएवढी जागा शोधतो. तुमच्या प्रकारात दोन गोळ्यांमध्ये पूर्ण ७ सेकंद पिस्तूल खालीच असते. उसळी थोडी जास्त झाली म्हणून तुमचा एकही गुण जात नाही, अडकलेल्या पुंगळीने मात्र जातो. तुमच्या जागी मी असतो तर डोळे मिटून हलक्या बाजूला गेलो असतो.

फौजीभाऊ

बाकी सगळे मान्य, पण डोळे मिटून नको. फौजेत आम्ही ट्यूनिंग वगैरे केले नाही. स्प्रिंगची मोकळी लांबी मोजायची, कमी भरली की बदलायची, एवढाच नियम. पण त्यामुळे एक सवय लागली, की छापलेल्या आकड्यावर न जाता आधी मोजून घ्यायचे. ताई, तुमची जुनी स्प्रिंग अजून घरात आहे ना? ती खरोखर सात पौंडांची उरली आहे का, ते आधी बघा. मॅगझिन काढून, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री करून मगच स्प्रिंगला हात लावा, आणि काडतुसे त्या खोलीतसुद्धा नकोत.

बोरनदी

तीन दिवसांत जे केले ते लिहिते.

आधी नखीखाली दातकोरणी फिरवली. काळ्या मेणाची तांदळाच्या दाण्याएवढी गोळी निघाली. आठवड्यापूर्वीच साफ केले होते असे मी वर लिहिले आहे, ते विधान मागे घेते.

मोजण्यासाठी पहिल्यांदा कापूस वेचणीच्या वेळी बायांचे गाठोडे तोलायचा हुकाचा डिजिटल काटा घेतला, स्लाइडच्या मागच्या बाजूला मऊ दोरीचा फास टाकला आणि ओढून पाहिले. एकाच स्प्रिंगचे तीन वेळा तीन आकडे आले, त्यांत पाव किलोचा फरक. स्लाइडचे रुळांवरचे घासणे आणि खाली दबत जाणारा हॅमर हे दोन्ही त्यात मिसळत होते. ती पद्धत सोडली. मग शेजारच्या किराणा दुकानातला सपाट काटा आणला. स्लाइड पूर्ण मागे असताना स्प्रिंगची लांबी किती उरते ते पट्टीने मोजून दांडीवर पेन्सिलची खूण केली, लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडले, आणि स्प्रिंग दांडीवर चढवून काट्यावर उभी धरून खुणेपर्यंत दाबली. प्रत्येक स्प्रिंग पाच वेळा. आता आकडे वीस-तीस ग्रॅमच्या आत जुळू लागले.

सहा पौंडांची २.७० किलो, सातची नवी ३.१५ किलो, आठची ३.५४ किलो. आणि जुनी, जिच्या पुस्तिकेत सात पौंड लिहिले आहे, ती २.८६ किलो. तिची मोकळी लांबी नव्या सातापेक्षा ६ मिलिमीटरने कमी भरली.

म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे मी सातावरून आठावर गेले होते, पण पिस्तुलाच्या दृष्टीने मी २.८६ वरून ३.५४ वर उडी घेतली, जवळपास चोवीस टक्क्यांची. ज्येष्ठांनी स्प्रिंग मऊ पडल्याचे सांगितले ते खरेच होते. त्यावरचा उपाय नवी सातची घालणे हा होता.

गिरणीवाला

ठोकळ्याला भोक पाडण्याची युक्ती चोख आहे. आणखी एक तपासा. स्प्रिंगविना स्लाइड हाताने मागे सरकवली तर ती जिथे थांबते, तिथपर्यंतच प्रत्येक स्प्रिंग घालूनही जाते ना? वेढे एकमेकांना टेकून स्प्रिंगच आधी भरीव झाली, तर स्लाइड फ्रेमवर न थांबता स्प्रिंगवर थांबते आणि दर गोळीला स्प्रिंगचा चुराडा होतो. जाड तारेच्या स्प्रिंगमध्ये हे हमखास पाहावे.

नवी स्प्रिंग पहिल्या काही दाबांत थोडी बसते, मग स्थिर होते. त्यामुळे महिनाभराने पुन्हा एकदा मोजा.

बोरनदी

पाहिले. तिन्ही स्प्रिंगा घालून स्लाइड त्याच खुणेपर्यंत जाते.

फौजीभाऊ

आता रेंजवर जाल तेव्हा मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, झाडा आणि स्लाइड मागे अडकते का ते बघा. प्रत्येक स्प्रिंगला दहा वेळा. या चाचणीत पुढचे काडतूस नसतेच, त्यामुळे चढण्याच्या अडचणी बाजूला राहतात आणि स्लाइड पुरती मागे गेली की नाही एवढेच कळते. दहापैकी दहा वेळा अडकली तरच पूर्ण मॅगझिन भरायचे. वेळ सकाळचीच निवडा, कारण बिघाड सकाळी झाला होता. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. काडतुसाचा डबा तोच, तेल तेच, हात तोच.

पांदणरस्ता

पुन्हा एक अडाणी प्रश्न विचारतो. माझ्याकडे स्वसंरक्षणाच्या परवान्यावरचे .३२ आहे. त्याचा ट्रिगर फार जड आहे. हॅमरची हलकी स्प्रिंग घातली की तो हलका होईल, असे एकाने सुचवले. करून घ्यावे का?

सातपुडा_२५

भाऊ, नको. ते पिस्तूल वर्षानुवर्षे कपाटात राहून एखाद्या दिवशी एकदाच चालायला हवे, अशी त्याची नोकरी आहे. त्याला मूळ स्प्रिंगच राहू द्या, जुनी झाली असेल तर त्याच मापाची नवी बसवून घ्या.

हॅमरची स्प्रिंग हलकी केली की ट्रिगर थोडा हलका होतो हे खरे, पण त्याची किंमत पिनच्या ठोक्यात मोजावी लागते. .२२ मध्ये तर पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेत भरलेला असतो आणि पिनने ती कड चेपल्याशिवाय तो पेटत नाही. ठोका अर्धवट पडला की काडतूस मुके राहते. झाडलेल्या आणि मुक्या अशा दोन्ही पुंगळ्यांच्या कडेवरचा घाव शेजारी ठेवून पाहिला की लगेच कळते. मुके राहिलेच तर पिस्तूल लक्ष्याकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचे, कारण उशिरा पेटण्याची शक्यता असते.

खेळासाठीसुद्धा हलकेपणाला सीमा आहे. २५ मीटरच्या प्रकारांत ट्रिगरने किमान १,००० ग्रॅम पेलले पाहिजेत. तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला ते वजन लटकवून उचलतात. मी एकदा १,०१० ग्रॅमवर बसवून घेतले होते आणि राज्य स्पर्धेच्या सकाळी ते वजन पेलेना. तेव्हापासून पन्नास-साठ ग्रॅम वरच ठेवतो आणि तपासणीच्या रांगेत घाम येत नाही.

बोरनदी

रविवारी सकाळी आठला रेंजवर पोहोचले, तापमान ११ अंश होते. सोयाबीन वाळवायची ताडपत्री बरोबर नेली होती. ती रेंज अधिकाऱ्यांच्या परवानगीने माझ्या उजव्या अंगाला अंथरली आणि तिच्यावर खडूने अर्ध्या अर्ध्या मीटरवर रेषा ओढल्या. शेजारच्या लेनवरची मुले हसत होती, नंतर त्यांनीच पुंगळ्या मोजायला मदत केली.

एका काडतुसाच्या चाचणीत आठ पौंडांच्या स्प्रिंगवर स्लाइड दहापैकी सहा वेळा अडकली. पुंगळ्या मीटरभराच्या आत पडल्या, एक खिडकीत उभी राहिली. या वेळी मी तिला हात लावला नाही, मुद्दाम हात वर करून अधिकाऱ्यांना बोलावले, तेवढीच सवय. ग्रीस पुसलेले आणि नखी साफ असूनही हे घडले, त्यामुळे दोष केवळ मळाचा नव्हता हे स्पष्ट झाले.

नव्या सातवर दहापैकी दहा. पुंगळ्या बहुतेक दीड ते दोन मीटरच्या पट्ट्यात आणि एकमेकींजवळ पडल्या. सहावरही दहापैकी दहा, पण पुंगळ्या ताडपत्रीच्या बाहेर, तीन मीटरच्या पलीकडे गेल्या आणि सातपुडाभाऊंनी वर्णन केलेला दुहेरी धक्का मनगटात साफ जाणवला. सहा परत डबीत गेली.

मग सातवर पाच-पाच काडतुसे भरून साठ गोळ्या झाडल्या. दोनदा अडखळले. पण हे अडखळणे वेगळ्या जातीचे होते. पुंगळी व्यवस्थित बाहेर गेली, स्लाइड पुढे आली आणि पुढच्या काडतुसाचे नाक खाली झुकून चेंबरच्या तोंडाखाली रुतले. पुन्हा स्प्रिंगच बदलावी की काय, असा विचार मनात आला होता.

फौजीभाऊ

थांबा. ते रिकॉइल स्प्रिंगचे काम नाही. मॅगझिन किती आहेत, आणि दोन्ही वेळा कोणते होते?

बोरनदी

काका, तीन आहेत. कोणते होते हे सांगता येत नाही, कारण तिन्ही दिसायला एकसारखी आहेत. आज त्यांच्या तळाला नखरंगाने १, २, ३ असे आकडे घातले.

गिरणीवाला

जिनिंगमध्ये आम्ही प्रत्येक पट्ट्याला आकडा देतो. तोपर्यंत सगळे पट्टे निर्दोषच असतात.

बोरनदी

पुढच्या रविवारचा अहवाल. प्रत्येक मॅगझिनमधून तीस गोळ्या, स्प्रिंग सातची, काडतुसे त्याच प्रकारची. पहिल्यात आणि तिसऱ्यात एकही अडथळा नाही. दुसऱ्यात तीन वेळा नाक खाली, आणि तिन्ही वेळा चौथे किंवा पाचवे काडतूस, म्हणजे मॅगझिनची स्प्रिंग सर्वांत सैल झालेली असते तेव्हा.

फौजीभाऊ

आता शेवटची उलथापालथ करा. पहिल्या आणि दुसऱ्या मॅगझिनच्या आतल्या स्प्रिंगांची अदलाबदल करा. दोष दुसऱ्यातच राहिला तर त्याचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकले आहेत, ते कारागिराकडे द्या. दोष पहिल्यात गेला तर स्प्रिंग दमली आहे.

स्लाइड पुढे येण्याआधी काडतूस वर चढून सरळ बसायला हवे, आणि त्याला वेळ मिळतो तो क्षणाचाही छोटा तुकडा. म्हणूनच रिकॉइल स्प्रिंग जड केली की स्लाइड आणखी वेगाने परत येते आणि दमलेले मॅगझिन जास्तच मागे पडते. आठ पौंडांवर तुम्हाला हा दोष दिसला नाही, कारण पुंगळी आधीच अडकत होती.

बोरनदी

अदलाबदल केली. दोष पहिल्यात गेला. मॅगझिनची नवी स्प्रिंग विक्रेत्याकडे नोंदवली आहे, तोपर्यंत स्पर्धेच्या पेटीत दोनच मॅगझिन राहतील.

सातपुडाभाऊ, तुमचा काडतुसांचा मुद्दाही मनात आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हीच काडतुसे अधिक जोर करतील असे वाटते.

सातपुडा_२५

करतील, आणि मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवलीत तर मेणही वितळेल. डबा पिशवीत, सावलीत ठेवा. मे महिन्यात ताडपत्री पुन्हा अंथरा. सातवर पुंगळ्या अडीच-तीन मीटरपर्यंत जाऊ लागल्या आणि मनगटात दुसरा ठोका आला, तर त्या महिन्यापुरता आठचा विचार करायला हरकत नाही.

फौजीभाऊ

आणि त्या वेळी फ्रेमवर स्लाइड जिथे टेकते तिथे बोट फिरवून पाहा, नवा घाव उठला आहे का. आकडे इथेच लिहा, म्हणजे शोधायला सोपे जाईल.

बोरनदी

लिहीन. आठ पौंडांची स्प्रिंग तेलाचा हात देऊन औषधाच्या जुन्या डबीत ठेवली आहे आणि वर चिठ्ठी लावली आहे: ‘३.५४ किलो, मे’.